सहा लांब्यांचा मांडव

अकोल्याच्या अकोट फैल वस्तीत अब्दुल सत्तारांचं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, वाढदिवस असो, नाही तर कुणा पुढाऱ्याची सभा, मांडव, गाद्या, खुर्च्या आणि हत्ती न्हाऊन निघेल एवढाली पातेली त्यांच्याच गोदामातून जातात. त्यांची थोरली मुलगी अफिफा मात्र या पातेल्यांच्या गराड्यात वाढून गणिताच्या नादी लागली. अमरावतीला एम.एस्सी. झाली, तिथल्याच एका कॉलेजात शिकवू लागली, आणि यंदा तिला चेन्नईच्या एका सरकारी संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली. अम्मीनं, म्हणजे आबेदाबींनी, गल्लीत शिरखुर्मा वाटला. ईद नव्हती, तरी वाटला.

घोडं अडलं ते अब्बांपाशी. त्यांनी नाही म्हटलं नाही. चष्मा पुसत ते एवढंच म्हणाले, "जाय. पन आधी मले समजू दे, तू करून काय राहिली."

आता यात हट्ट काही नव्हता. चाळीस वर्षं माणसानं हाताला लागणाऱ्या वस्तूंचा धंदा केलेला. उद्या नमाजाहून परतताना कुणी विचारलं की सत्तारभाई, पोरगी मद्रासला काय करायला गेली, तर "काहीतरी गणित" असं सांगायला त्यांची जीभ वळली नसती. मुलगी पाच वर्षं लांब जाणार, आणि ती कशात रमली आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना खात होतं. अफिफा हट्टानं निघून गेली असती तर कोणी अडवणार नव्हतं. पण तिला तसं जायचंच नव्हतं. अब्बांना समजावं आणि मग आपण गाडीत बसावं, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं.

म्हणून तिनं गोदामात बैठक मारली आणि पंगतीला अंथरायची एक लांबलचक चादर ओढून घेतली. समजा, ही चादर फिरवली, पालथी केली, उचलून दुसऱ्या कोपऱ्यात टाकली, तरी चादर तीच ना? अब्बा म्हणाले, तीच. मग एवढं सगळं करून तिच्यातलं काय बदललं नाही? अब्बांनी चादर नीट निरखली आणि सांगितलं की भोक. मूर्तिजापूरच्या एका वलीम्यात, म्हणजे लग्नाच्या जेवणात, बिर्याणीच्या शेगडीनं पडलेलं ते भोक चादर कुठंही न्या, जागचं हलत नाही.

अफिफा आनंदानं जवळजवळ उडालीच. अगदी हेच, ती म्हणाली. वस्तू हलवली, फिरवली, उलटली तरी जे बदलत नाही त्याला आमच्यात इन्व्हेरिअंट म्हणतात. अशा कमीत कमी कोणत्या खुणा जवळ ठेवल्या, की दोन वेगळ्या वस्तूंची कधी गल्लत होणार नाही, हा माझा विषय.

अब्बांचा चेहरा पडला. गल्लत होऊ नये म्हणून तर बिछायतवाले प्रत्येक चादरीच्या काठाला आपापला दोरा टाचतात. सत्तारांचा लाल, शेजारच्या पंजाबरावांचा निळा. हे गोदामातल्या कुणालाही ठाऊक होतं. यासाठी सरकार पाच वर्षं पगार कशाला देईल? शिवणयंत्रावरून पुंजाराम मास्तरांनीही मान हलवून दुजोरा दिला. पुंजाराम हे केंद्राचे जुने शिवणकाम करणारे, आणि अब्बांच्या प्रत्येक शंकेत त्यांचा निम्मा वाटा असे. अफिफानं त्या दिवशी हात टेकले.

पण संधी चालून आली. अमरावतीच्या कॉलेजात गणित विभागाच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम. अफिफाला या विषयाची गोडी त्यांनीच लावली. त्यांनी फेब्रुवारीत गणितवाल्यांचं एक छोटं संमेलन भरवायचं ठरवलं. चेन्नईहून एक प्राध्यापक येणार होते, आणि अफिफाचंही भाषण होतं. हॉलचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून कार्यक्रम वाचनालयामागच्या मोकळ्या पट्टीत घ्यायचा होता, आणि वऱ्हाडातला फेब्रुवारी म्हणजे डोक्यावर कापड हवंच. मांडव अब्बांचा घेऊ या, असं अफिफानं सुचवलं. अब्बा स्वतः येतील, खुर्चीत बसतील, आपलं भाषण ऐकतील आणि त्यांना कळेल. या बेतावर ती इतकी खूश झाली की जिना उतरताना दोन पायऱ्या गाळून उतरली.

त्या पट्टीत खांब रोवायला जागा नव्हती. भिंतीत पक्के बसवलेले चार लोखंडी आकडे होते. दोन वाचनालयाच्या लांब भिंतीत, दोन समोरच्या आखूड भिंतीत. छत त्या चार आकड्यांना तंतोतंत बसेल असं नव्यानं शिवावं लागणार होतं. अब्बांनी फोनवर सांगितलं की माप पाठव.

इथं एखाद्या साध्या माणसानं कागदावर चार ठिपके काढून फोटो पाठवला असता. अफिफा साधी माणूस राहिली नव्हती. तिनं प्रत्येक आकड्यापासून प्रत्येक आकड्यापर्यंत टेप लावली. चार आकडे, म्हणून अंतरं सहा. आणि मग तिच्या अंगातली गणिती जागी झाली. तिच्या विषयात कोपऱ्यांना नावं नसतात. कोणता पहिला, कोणता दुसरा, याला तिथं किंमत नाही. नुसत्या सहा लांब्यांचा ढीग पुरतो, आकृती त्यातून आपोआप ठरते, असं एक सुरेख प्रमेय तिला फार आवडायचं. तेव्हा तिनं त्या सहा लांब्या मोठ्यापासून लहानापर्यंत लावल्या आणि आवाजी संदेश पाठवला: ऐंशी फूट, त्रेसष्ट फूट तीन इंच दोनदा, चाळीस फूट, अठ्ठावीस फूट साडेतीन इंच दोनदा. प्रमेयात "जवळजवळ नेहमी" असे दोन शब्द होते, ते तिला ठाऊक होते. पण अपवाद इतके विरळ, की डोळे मिटून चार ठिपके टाकले तर जन्मात अपवाद हाती लागायचा नाही. त्या विरळ अपवादाचं एक चित्रही तिनं भाषणासाठी काढून ठेवलं होतं.

अकोल्यात अब्बा आणि पुंजाराम यांनी त्या मापाच्या सहा दोऱ्या कापल्या, चार खुंट्या घेतल्या आणि गोदामाच्या फरशीवर जुळवणी मांडली. दोरी कधी ढिली पडे, कधी पुरतच नसे. पुंजाराम मास्तर गुडघ्यावर रांगून रांगून घायकुतीला आले. दुपारच्या जेवणानंतर एकदाच्या सगळ्या दोऱ्या ताणून बसल्या आणि दोघांनी एकमेकांना शाबासकी दिली. मग दोघांनी आकृतीभोवती एक फेरी मारली.

अब्बांनी अफिफाला फोन लावला. सहाच्या सहा दोऱ्या बसल्या, एकही ढिली नाही, पण आकार जरा वेगळाच वाटतो आणि कापडही फार लागतं आहे, असं त्यांनी चाचरत सांगितलं. अफिफा वर्गाच्या दारात उभी होती. तिनं त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही.

"सहा बसल्या ना, अब्बा? मग आकार बरोबरच आहे. दुसरा होऊच शकत नाही."

मग अब्बांनी वाद घातला नाही. पोरगी गणितातली, ती म्हणते तर बरोबर असणार. पुंजारामांना त्यांनी सांगितलं की कॉलेजात नवीन फॅशन असेल, शिवा.

संमेलनाच्या दिवशी सकाळी छोटा हत्ती टेम्पो मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला पोचला. पुढे ड्रायव्हरशेजारी अब्बा, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, वर जाकीट, अत्तराचा घमघमाट. ते मुलीच्या कॉलेजात पहिल्यांदाच येत होते, म्हणून उतरल्या उतरल्या त्यांनी फाटकावरच्या पाटीकडे बघून नकळत जाकिटाची गुंडी लावली. मागे गुंडाळलेल्या छताशेजारी पुंजाराम मास्तर, कडेवर लेकरू धरावं तसा दोऱ्यांचा जुडगा धरून बसलेले.

छत उलगडलं. एक टोक पहिल्या आकड्याला अडकवलं, दुसरं टोक लांब भिंतीच्या दुसऱ्या आकड्याला. तिथवर झकास जमलं. तिसरं टोक समोरच्या भिंतीच्या एका आकड्याला बसलं आणि पुंजारामांनी मिशीवरून हात फिरवला. चौथं टोक मात्र समोर जायला तयारच होईना. ते वाचनालयाच्या भिंतीवर जाऊन आदळलं, खिडकीतून आत घुसलं आणि तिथं पेपर वाचत बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांच्या डोक्यावर पडलं. ते गृहस्थ कापडाखालूनच ओरडू लागले. लोकांनी खाली उभं राहून वर पाहिलं, तर डोक्यावर भलामोठा पतंग होता. संक्रांतीला उडवतात तसाच, फक्त ऐंशी फुटी.

अफिफानं मागं वळून पाहिलं. पाहुणे चहाचे कप घेऊन आवारात येत होते. अब्बा हात जोडून भेटेल त्याला सांगत सुटले की चूक माझी, माप घेण्यात माझीच चूक झाली असेल, मी काहीतरी करतो. ज्या माणसानं आयुष्यात कधी वाकडा मांडव घातला नाही, तो तिच्या माणसांसमोर असा हात जोडून उभा होता. तिला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

तिनं पुन्हा वर पाहिलं. ऐंशीची लांबी उभी, चाळीसची आडवी. तिनं मनात सगळ्यांना वीसनं भागलं. चार, दोन, आणि ते दोन वर्गमूळवाले. या संख्या तिनं कुठंतरी पाहिल्या होत्या. तिनं फोन काढला, स्वतःच्या भाषणाची चित्रं सरकवली, आणि सातव्या पानावर थांबली. डावीकडे एक समलंब चौकोन, उजवीकडे एक पतंग. खाली तिनं स्वतःच्याच अक्षरात लिहिलं होतं की या दोन आकृत्यांची सहाही अंतरं सारखीच आहेत, पण असा अपवाद व्यवहारात भेटत नाही.

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती खुर्चीच्या पाठीला धरून हसू लागली. जगात कुणाला भेटत नाही ते तिला कॉलेजच्या वाचनालयामागे भेटलं होतं, रोज ती त्याच्याखालून डबा खायला जात होती, आणि तिनं त्याला ओळखलं नव्हतं. प्रियदर्शनी मॅडम काय झालं म्हणून धावत आल्या. अफिफानं फोन पुढे केला. मॅडमनी फोन पाहिला, पतंग पाहिला, आणि नवी पैठणी नेसलेली असताना सरळ पायरीवर बसकण मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. चेन्नईच्या प्राध्यापकांनी टेप मागून घेतली आणि स्वतः शिडीवर चढले. वरून त्यांनी एकेक माप ओरडून सांगितलं, आणि प्रत्येक मापाला खालून टाळ्या पडल्या.

या सगळ्या गोंधळात अफिफाची नजर अब्बांकडे गेली. ते एका कडेला उभे होते, जाकिटाच्या गुंडीशी चाळा करत. लोक आपल्याला हसत आहेत असं त्यांना वाटत होतं. तिचं हसू जागच्या जागी विरलं आणि ती त्यांच्याकडे धावली.

"अब्बा, चूक तुमची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "सगळे मला हसून राहिले. तुमी तर जगात कुणी केलं नाही ते केलं."

अब्बांचा विश्वास बसला नाही. तेव्हा तिनं पुंजारामांच्या हातातला जुडगा घेतला, खुंट्या घेतल्या आणि नव्या साडीवाल्या, सुटाबुटातल्या सगळ्या लोकांना मागे सारून मातीत बसली. आधी प्रत्येक दोरी चौपदरी दुमडून पतंग मांडला. मग तिनं एकच खुंटी उपटून अब्बांच्या हातात दिली. ती पलीकडून अलीकडे आणायला लावली, आणि तिच्या आखूड नि लांब दोऱ्यांची जागा एकमेकींशी बदलायला लावली. बाकीच्या तीन खुंट्या जागच्या हलल्या नाहीत. अब्बांनी खुंटी ठोकली. सहाच्या सहा दोऱ्या पुन्हा ताणून बसल्या, आणि मातीत भिंतीतल्या आकड्यांचा हुबेहूब आकार उभा राहिला.

अब्बा उकिडवे बसले. त्यांनी खुंटी परत उपटून पतंग केला. परत इकडे आणून समलंब केला. असं त्यांनी तीनदा केलं आणि प्रत्येक वेळी दोऱ्या बोटानं छेडून पाहिल्या. आवारातले सगळे शहाणेसुरते लोक त्यांच्याभोवती गोल करून उभे राहिले होते. 

"म्हंजे दोऱ्या सहा, त्याच," अब्बा हळू म्हणाले. "अन् मांडव दोन."

"हो."

"मंग दोऱ्यांवरून मांडव वळखाचा कसा?"

 गेले दोन महिने अफिफा त्यांना जे सांगू पाहत होती, ते त्यांनीच तिला विचारलं होतं.

"तेच तर मी करून राहिली, अब्बा. अजून कोणती एक गोष्ट विचारली म्हंजे गल्लत होणार नाही, हे शोधणं. तेच माझं काम आहे."

अब्बा विचारात पडले आणि मग त्यांचे डोळे एकदम लकाकले. "कापड," ते म्हणाले. "कापड जास्त लागलं होतं. पतंगाले जास्त लागते, याले कमी. मी तुले फोनवर सांगतलं होतं, पन तू आयकलं नाही."

ऐकलं नव्हतंच. अफिफानं सगळ्यांसमोर कान पकडले. चेन्नईच्या प्राध्यापकांना मॅडमनी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी अब्बांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. अब्बांना त्यांचं इंग्रजी कळलं नाही, पण हात हलवणं कळलं, आणि त्यांनीही जोरात हलवला.

आता मांडवाचा प्रश्न राहिला होता, कारण ऊन काही प्रमेयासाठी थांबत नाही. अब्बा अजून त्या एका खुंटीकडे बघत होते. तीन खुंट्या जर दोन्हीकडे त्याच, तर तीन आकडेही तेच असणार. त्यांनी पुंजारामांना पतंग मधोमध, लांबीवर दुमडायला सांगितला. दुमडलेल्या पतंगाचा त्रिकोण झाला आणि त्याची तीन टोकं तीन आकड्यांना अशी बसली, की जणू तिथलीच होती. सावली दुप्पट जाड झाली ते वेगळंच. उरला एक कोपरा. त्यासाठी गाडीतून पंगतीच्या चादरी निघाल्या, पुंजारामांनी त्या जागेवरच सुई-दोऱ्यानं जोडल्या, आणि त्यातली एक नेमकी बिर्याणीच्या भोकाची होती.

अफिफा भाषणाला उभी राहिली तेव्हा त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा तिच्या खांद्यावर पडला होता. तिनं पहिली सहा पानं गाळली आणि सातव्यापासून सुरुवात केली. सुरुवात अशी, की हा मांडव माझ्या वडिलांनी घातला आहे. पहिल्या रांगेत अब्बा ताठ बसले होते, आणि "इन्व्हेरिअंट" हा शब्द आला की शेजारच्या प्राध्यापकांना कोपरानं ढोसून वरच्या भोकाकडे बोट दाखवत होते. पुंजाराम मास्तर अधूनमधून "वा" म्हणत होते, कव्वालीला म्हणतात तसं, आणि त्यांना कुणीही थांबवलं नाही.

ऊन कललं तसं सामान गाडीत भरलं गेलं. अब्बा तोवर समोरच्या हातगाडीवर गिला वडा खात, गाडीवाल्याला काडेपेटीतल्या काड्या तोडून सहा लांब्यांचं कोडं घालत होते. गाडीवाल्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तोही मान खाली घालून काड्या जुळवत होता. पोरगी काय करते असं त्यानं विचारलं असावं, कारण अब्बांनी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं की लोक जिथं फसतात तिथं आणखी काय विचारायचं, ते ती शोधते. अफिफानं ते लांबून ऐकलं आणि तिला इतका आनंद झाला की हातातली खुर्ची कुठं ठेवायची ते ती विसरून गेली.

निघताना अब्बा छोट्या हत्तीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तिला जवळ बसवलं.

"जाय चेन्नईले," ते म्हणाले. "मले समजलं."

तिनं मान हलवली. 

"पन एक हाय. तू मले रोज फोन करते. जेवली, झोपली, बरी आहो. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळं सांगते. कोनतं कुठून कुठं जोडलं, ते सांगत नाही." त्यांनी तिच्या खांद्याला लागलेली माती झटकली. "अन् मी तिकडं अकोल्यात बसून पतंग शिवत रायतो."

अफिफा हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. मग तिनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. चेन्नईचं पत्र आलं त्या दिवशी ती जेवली नव्हती, कारण एकटीनं जाण्याची तिला भीती वाटली होती. झोपलीही नव्हती, कारण अब्बा नाही म्हणतील असं वाटलं होतं. आणि बरी होती ती फक्त फोनवर.  ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तेव्हा पुंजाराम मास्तरांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि स्वतः जाऊन आणखी दोन प्लेट गिला वडा सांगितला.